कोसा ला नानी?

मंडळी, शीर्षक वाचून कुणाला वाटेल की हा लेख कुणाच्या तरी आजीवर आहे. तसं नाही. हे वाक्य स्वाहिली आहे, आणि आपल्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर ते इतक्या वेळा बोललं जातं की मेसच्या मावशींनाही आता पाठ झालंय. 'कोसा' म्हणजे चूक. 'नानी' म्हणजे कोण. 'कोसा ला नानी?' म्हणजे, चूक कोणाची?

प्रश्न तीनच शब्दांचा आहे. पण त्याचं उत्तर द्यायला मला एक वर्ष लागलं. त्याचीच ही गोष्ट.

मी धामणगाव बढेचा. तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. एवढं सविस्तर सांगावं लागतं, कारण नुसतं 'धामणगाव' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "रेल्वे का?" ते धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात. आमच्या धामणगावाला रेल्वे नाही. मलकापूर स्टेशनवर उतरायचं, बॅग खांद्यावर टाकायची आणि एसटीची वाट बघायची. या दोन धामणगावांचा घोळ पुढे येणारच आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

फर्स्ट इयरला रूम मिळाली तेव्हा पार्टनर म्हणून आला टांझानियाचा एक पोरगा. आयसीसीआरची शिष्यवृत्ती घेऊन आलेला. पहिल्याच दिवशी त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "रफीकी." मला वाटलं हे त्याचं नाव. दोन दिवसांनी कळलं, रफीकी म्हणजे मित्र! तो मला मित्र म्हणत होता. पण तोवर अख्खा मजला त्याला रफीकी म्हणायला लागला होता, आणि तेच नाव कायम झालं. माझी पहिली कोसा ती.

रफीकीचं गाव डोडोमाच्या बाजूचं. कोरडवाहू मुलूख. तिकडे ज्वारी पिकते आणि तिच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, भाजीसोबत खातात, हे ऐकल्यावर मला तो एकदम जवळचा वाटला. आणखी एक गोष्ट सारखी निघाली. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीतून, आणि माध्यमिकला गेलं की एकदम इंग्रजी. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा. म्हणजे दोघांच्याही आयुष्यात एक वर्ष असं होतं की काल येत असलेलं गणित आज अचानक येईनासं झालं! त्याचं घरचं बोलणं तर स्वाहिलीही नाही, गोगो. जसं माझं घरचं वऱ्हाडी आणि लिहायचं प्रमाण मराठी. (आमचं आपसातलं बोलणं हिंदी-इंग्रजीची मिसळ असायचं. इथे ते मी मराठीत देतोय.)

फर्स्ट इयरच्या व्हायव्हात मला विचारलं, ट्रान्सफॉर्मरचं रेटिंग किलोवॅटमध्ये का देत नाहीत? उत्तर येत होतं. मराठीत येत होतं. तोंडातून जे बाहेर पडलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. रूमवर येऊन मी पांघरूण घेऊन झोपलो. रफीकी म्हणाला, "पोले, रफीकी. पोले साना."

मी चिडून विचारलं, "तू कशाला सॉरी म्हणतोस? तू काय केलंस?"

तेव्हा त्याने पहिला धडा दिला. स्वाहिलीत 'पोले' वेगळं आणि 'सामाहानी' वेगळं. दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं नुकसान झालं की 'पोले'. त्यात तुमचा दोष असायची गरज नाही. आपण 'अरेरे' म्हणतो ना, तसं. पण चूक तुमची असेल तर 'पोले' म्हणून भागत नाही. मग म्हणायचं, "सामाहानी, निमेकोसेआ." माफ करा, मी चुकलो. आमच्या होस्टेलवर या दोन्हींसाठी एकच 'सॉरी' असतं. त्यामुळे कोण हळहळतोय आणि कोण कबूल करतोय हे कळतच नाही.

तिथून 'कोसा' मजल्यावर पसरलं. शिकायला सोपं, बोलायला मजेशीर. रॉंग नंबर लागला की "सामाहानी, निमेकोसेआ नाम्बा." वाट चुकलो तर "निमेकोसेआ न्जिया." सी-प्लस-प्लसचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात कंपाइल झाला, जो कधी होत नाही, तर "हाकुना माकोसा!" एकही चूक नाही. ('हाकुना माटाटा' सगळ्यांना सिनेमामुळे माहीत होतंच. 'माकोसा' म्हणजे अनेक कोसा.) दुसऱ्याला धीर द्यायचा तर "सि कोसा लाको", तुझी चूक नाही रे. आणि मेसच्या वरणात खडा सापडला की सगळे एका सुरात ताट वाजवत, "कोसा ला नानी?"

एके रात्री सबमिशन लिहिता लिहिता मला एक गंमत दिसली. स्वाहिलीत 'कोसा' हे क्रियापद म्हणूनही चालतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ निसटणं, हुकणं, न मिळणं. गाडी हुकली की "निमेकोसा ट्रेनी." आता आपलं बघा. आपण म्हणतो 'मी चुकलो', आणि आपणच म्हणतो 'गाडी चुकली'. म्हणजे आपलं 'चुकणं' आणि त्यांचं 'कोसा' ही जुळी भावंडंच! कार्यक्रमाला नक्की ये म्हणायचं तर ते म्हणतात 'बिला कुकोसा'. शब्दाला शब्द लावला तर 'बिला' म्हणजे विना आणि 'कुकोसा' म्हणजे चुकणं. आपलं 'न चुकता'! मधे हिंदी महासागर आहे आणि कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. तरी दोन्हीकडच्या माणसांना चूक करणं आणि गाडी हुकणं एकाच जातीचं वाटलं. नेम धरला होता, पण हुकला. चूक म्हणजे एवढंच.

हे मी रफीकीला मोठ्या उत्साहात सांगितलं. तो खूश झाला. पण दोन दिवसांनी त्यानेच मला कोपऱ्यात पकडलं.

झालं असं की आमच्या मजल्यावर कुणीतरी कॉइलवर अंडी उकडत होतं. एमसीबी पडला, अख्खी विंग अंधारात. दुसऱ्या दिवशी सबमिशन! रेक्टर सर वर आले. आम्ही दहा-बारा जण ओळीने उभे. सरांनी विचारलं, आणि आम्ही एका आवाजात म्हणालो, "सर, चूक झाली." सर गेल्यावर एकाने डोळा मारला, "कोसा झाला यार!" सगळे हसले. रफीकी हसला नाही.

तो म्हणाला, "तुम्ही आमचा शब्द घेतला आणि त्याचं डोकं कापून टाकलं."

मग त्याने कागदावर लिहून दाखवलं. नि-मे-कोसेआ. 'नि' म्हणजे मी. 'मे' म्हणजे काम झालेलं आहे. मग उरलेलं चुकणं. त्याचा जागी 'उ' घातलं तर तू, 'आ' घातलं तर तो, 'तु' घातलं तर आम्ही. म्हणजे शब्द उच्चारताना पहिलंच अक्षर 'कोण' हे सांगतं. चूक तोंडातून बाहेर यायच्या आधी माणूस बाहेर येतो! "आणि तुम्ही म्हणता 'कोसा झाला'. पाऊस झाला, तसा कोसा झाला. कोसा ला नानी?"

मी वाद घातला. म्हटलं, तुमच्याकडे काय सगळे हरिश्चंद्र आहेत? तेव्हा त्याने हसून कबूल केलं, 'चुका घडल्या' असं मोघम वाक्य स्वाहिलीतही करता येतं आणि त्यांच्याकडचे साहेब लोक ते अगदी सफाईने करतात. आणि मलाही कबूल करावं लागलं की 'मी चुकलो' हे मराठीत दोन शब्दांत म्हणता येतं. आमच्या वऱ्हाडीत तर 'चुकलं माह्यं' म्हणतात. तेव्हा दोष भाषेचा नाही. भाषेत दोन्ही दारं असतात. आपण कुठल्या दाराने बाहेर पडतो, हा प्रश्न आहे.

आपल्या जर्नलचंच बघा ना. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी आपण त्रुटीची कारणं लिहितो. 'मानवी त्रुटी' हे पहिलं कारण, सीनियरच्या जर्नलमधून जसंच्या तसं. कोण हा मानव? कुठल्या बॅचचा? त्याचा रोल नंबर काय? आजवर कुणी लिहिलेला नाही, आणि तपासणाऱ्यांनी विचारलेलाही नाही. (सर, राग मानू नये.)

रफीकीने त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या देशाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणलं. डिसेंबर १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि १९६२ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. नाव 'तुजिसाहिहिशे'. 'तु' म्हणजे आपण, 'जि' म्हणजे स्वतःला, आणि मधला 'साहिहि' ओळखलात का? अरबीतून तिकडे गेलेला आणि इकडेही आलेला आपला 'सही'! आपण स्वतःला दुरुस्त करू या, असा त्या नावाचा अर्थ. नवा देश, नवं राज्य, आणि गुरुजींनी आधी हातात घेतला तो लाल पेन!

आणि गंमत म्हणजे स्वाहिलीतही 'साहिहि'चे दोन अर्थ आहेत. एक बरोबर, दुसरा स्वाक्षरी. अगदी आपल्या 'सही'सारखे. म्हणजे चूक सही करायची असेल तर आधी तिच्याखाली सही करा.

हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. कारण माझी एक सही राहिलेली होती.

ती गोष्ट सेकंड इयरच्या दिवाळीची. मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी, गावात भाव वाढलेला. विहिरीवरची पाच एचपीची मोटर सारखी बंद पडत होती. स्टार्टरमधला प्रिव्हेंटर मिनिटा-दोन मिनिटांनी ट्रिप करायचा. गव्हाला पाणी द्यायचं होतं, थ्री फेज लाइट रात्रीची, आणि बाबा थंडीत चार-चार वेळा उठून शेतात जात होते. मी पेटी उघडली, तारेचा एक तुकडा घेतला आणि प्रिव्हेंटर बायपास केला. मोटर धडाधड चालायला लागली. बाबा शेजारच्यांना म्हणाले, "पाहा, पोरगा शिकला त्याचा फायदा."

तिसऱ्या रात्री डीपीवरचा एक फेज गेला. आपण सगळ्यांनी हे पुस्तकात वाचलंय. एक फेज गेला की चालती मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर कण्हत चालत राहते, आणि पाण्याचा भार तोच असेल तर त्या तारांतून साधारण १.७३ पट करंट खेचते. हे होऊ नये म्हणूनच प्रिव्हेंटर असतो. सकाळी मोटर जळालेली होती.

मी काय केलं? सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेलो, तारेचा तुकडा काढला आणि खिशात घातला.

ती मोटर दोनच महिन्यांपूर्वी गावातल्या मोटरवाल्या काकांनी भरून दिली होती. बाबा म्हणाले, "त्यानं तार हलकी वापरली." मी गप्प. बाबांनी ते पारावर सांगितलं, मी गप्प. पुढच्या वेळी बाबांनी मोटर मलकापूरहून भरून आणली, आणि त्यांचं ऐकून आणखी तीन-चार जणांनीही काकांकडे जाणं सोडलं. मी पुण्यात परत आलो आणि मशीन्सच्या पेपरात सिंगल फेजिंगवरच प्रश्न आला. आठपैकी सात मार्क!

हे सगळं मी रफीकीला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. सांगताना माझं वाक्य होतं, "मग ती मोटर जळून गेली." रफीकी अंधारात काही बोलला नाही. थोड्या वेळाने फक्त म्हणाला, "पोले." आणि मग, अगदी हळू, "कोसा ला नानी?"

थर्ड इयरच्या दिवाळीत रफीकी आमच्या गावी यायला निघाला. मी दोन दिवस आधी आलो होतो. त्याला नीट सांगितलं होतं, मलकापूरला उतर. पहाटे फोन वाजला. पलीकडे रफीकी.

"मी धामणगावला पोचलो. तू कुठे आहेस?"

"धामणगावला कसा पोचशील? इथे रेल्वेच नाही!"

"आहे ना. बोर्डावर लिहिलंय."

पोरगा मलकापूरला झोपलेला राहिला, जागा झाला तर खिडकीत 'धामणगाव' पाटी दिसली, आणि आनंदाने उतरला! शेगाव, अकोला, बडनेरा सगळं मागे टाकून सुमारे दोनशे किलोमीटर पुढे. मी सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग तो एवढ्या मोठ्याने हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "निमेकोसेआ धामणगाव!" मी धामणगाव चुकलो. बोर्ड असाच का, गाडीत सांगितलं का नाही, गावांची नावं सारखी का... एक शब्द नाही. 'नि' पहिला. मग परतीच्या गाडीची चौकशी.

तो येईपर्यंत दुपार होणार होती. मी मोटरवाल्या काकांच्या दुकानासमोरून तीनदा गेलो आणि चौथ्या वेळी आत शिरलो. काका पंखा भरत बसले होते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"काका, मागच्या साली आमची मोटर जळाली ना... चुकलं माह्यं. प्रिव्हेंटर म्याच बायपास केला होता."

काकांनी हातातली तार ठेवली नाही. म्हणाले, "मले मालूम हाये, बाबू."

"कसं काय?"

"जुनं वाइंडिंग पाह्यलं व्हतं म्या. तीनातले दोन फेज कोळसा, अन् एक नव्यासारखा चकचकीत. तार हलकी असती तं तिन्ही गेले असते ना लेका. तुमच्या पुस्तकात नसते का हे?"

असतं. स्टार जोडणीची मोटर सिंगल फेजिंगने जळाली की नेमकी अशीच दिसते. चूक कोणाची, हे मोटरनेच तांब्याच्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचणारा माणूस गावात एकच होता.

"मंग तुम्ही बोलले काहून नाही?"

"बोललो व्हतो तुह्या बापाले. तो म्हणे, माह्या पोराले तुह्यापेक्षा जास्त समजते." काकांनी आता वर पाहिलं. "अन् खरंच हाये ते. पण समजते तं सांगाव लागते ना बाबू."

घरी येऊन बाबांना सांगणं त्याहून अवघड होतं. माय भाकरी टाकत होती, तिचा हात थांबला. बाबा काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात एसटीने रफीकी आला, सगळं गाव त्याला बघायला जमलं, त्याने उगालीसारखी भाकरी मोडून ठेच्याबरोबर खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी मागून घेतली, आणि तो विषय तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मोटरसायकल काढून निघाले. मागे घरातली जुनी मोटर दोरीने बांधलेली.

मी विचारलं, "बाबा, ही तर चांगली आहे ना?"

बाबा म्हणाले, "हाये. पण एकदा दाखवून आणतो त्याले."

दुकानात दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाबा तासाभराने आले. मोटर तशीच होती, पण चहा घेऊन आले होते.

रात्री गच्चीवर रफीकीला हे सांगितलं. त्याने त्यांच्याकडची एक म्हण सांगितली. "कुफान्या कोसा सि कोसा, कोसा नि कुरुदिया कोसा." चूक करणं ही चूक नव्हे, तीच पुन्हा करणं ही चूक. म्हण छानच आहे. पण मला वाटलं, या दोन्हींच्या मधे एक पायरी आहे. आपल्या भाषेत उधारी फेडून टाकली की हिशोब 'चुकता' झाला म्हणतात. चुकता करायचा तर उधारी कुणाच्या नावावर आहे ते आधी ठरलेलं असावं लागतं. बिननावाची चूक कुणी फेडत नाही. ती दुसऱ्याच्या, बहुतेक वेळा गरिबाच्या, दुकानावर जाऊन बसते.

२०२३ मध्ये मद्रास आयआयटीने झांझिबारमध्ये कॅम्पस सुरू केला. तेव्हा यापुढे आपल्याकडची काही पोरं तिकडेही शिकायला जातील. गेलात तर नमस्कार-चमत्कार शिका, भाजीबाजारातले आकडे शिका, आणि 'निमेकोसेआ' शिका. पूर्ण शिका, डोक्यासकट.

आणि नाही गेलात तरी हरकत नाही. आपल्या मजल्यावर अजून एमसीबी पडतोच. परवाही पडला. रेक्टर सर वर आले, आम्ही ओळीने उभे राहिलो. सरांनी विचारायच्या आधीच फर्स्ट इयरचा एक घाबरलेला पोरगा अर्धं पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "सर, नि... म्हणजे, मी."

तो तारेचा तुकडा माझ्या कंपासपेटीत अजून आहे.